बांधाला लागला की बाद

चिरेखाणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला थकवा म्हणजे काय हे विचारू नये. तो सांगणार नाही. आंबेकोंडच्या भिकाजीलाही कोणी विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही. सकाळी सातला तो कातळावर जायचा, दोरी धरून जांभ्यावर रेघ आखायचा, टिकावाने चर पाडायचा, चिरा सुटा करून बाजूला रचायचा, आणि संध्याकाळी डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत लाल होऊन घरी यायचा. बायको, मैना, न्हाणीजवळ गरम पाण्याची बादली ठेवून तयार असायची. अंघोळ झाली की तो पडवीत बसायचा आणि डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहायचा.

हा गुडघा कबड्डीने घेतलेला. अठ्ठाविसाव्या वर्षी एका पकडीत तो असा काही वळला की पुन्हा सरळ म्हणून झाला नाही. त्याआधी भिकाजी आंबेकोंडचा नावाजलेला गडी होता. उजवा कोपरा सांभाळायचा आणि एकदा घोटा धरला की सोडायचा नाही. आता वयाची चाळिशी ओलांडली होती, केस पिकायला लागले होते, पण सामना असला की हा माणूस रेषेच्या कडेला उकिडवा बसलेला दिसायचाच. उठताना दोघांनी हात द्यावा लागायचा.

आंबेकोंड म्हणजे हातखंब्याला उतरून दुसरी एस.टी. धरायची, ती शेवटच्या थांब्यावर सोडून डोंगर उतरायचा, मग येणारं गाव. जेमतेम शंभर उंबरे. निम्मे पुरुष मुंबईत. पण दर पौषात भाताच्या रिकाम्या शेतात कबड्डीचे सामने व्हायचे, आजूबाजूचे आठ-दहा संघ यायचे आणि मुंबईकर मंडळाने दिलेली ढाल जिंकणाऱ्याच्या देवळात वर्षभर टांगलेली असायची. ती ढाल सहा वर्षांत एकदाही आंबेकोंडच्या देवळात लागली नव्हती. गावाचं म्हणणं असं की आपले गडी चांगले आहेत, पंच बाहेरचे येतात आणि मुद्दाम वाकडे निर्णय देतात. हरणाऱ्याला पंच कधी सरळ दिसलाय?

तर चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर देवळात बैठक बसली. आप्पा गावाचा मुख्य मानकरी. वय सत्तर, आवाज अजून खणखणीत, आणि त्याने एकदा बोलायला सुरुवात केली की बाकीचे माना हलवायचे.

"आपला एक तरी मानूस पंच झाला पायजे," आप्पा म्हणाला. "भायेरचा पंच आनायचा, त्याला जेवान घालायचा, नि त्येनंच आपल्याला हरवायचा! ह्यो कुटचा न्याय?"

"पंच व्हायला परीक्षा असतं," कोणीतरी म्हणालं.

"मग देल कोन तरी. भिका हाय की. भिका, सातवी झालायस नाय तू?"

भिकाजी खांबाला टेकून बसला होता. दिवसभर चिरे काढून त्याचे डोळे मिटत होते. "व्हय," तो म्हणाला, आणि एवढ्या एका शब्दावर त्याचं पंचपण ठरलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर आख्खं गाव बोललं होतं. परीक्षेचं शिबिर रत्नागिरीला पुढच्या वर्षी होणार होतं, पण गावाला तेवढा दम कुठला! त्याच पौषात सामन्यांना भिकाजी गळ्यात शिट्टी अडकवून उभा राहिला. परीक्षा काय, नंतरही देता येते. कबड्डी त्याला माहीत नव्हती असं थोडंच होतं?

इथे आंबेकोंडच्या मैदानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. डोंगरउतारावरची शेतं ही. पायऱ्यांसारखी एकाखाली एक, आणि प्रत्येकाला हातभर उंचीचा बांध. सगळ्यात रुंद शेत निवडलं तरी कबड्डीचं मैदान त्यात जेमतेम बसायचं, त्यामुळे तीन बाजूंना पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारायच्या आणि चौथ्या बाजूला बांध हीच रेषा. बांधापलीकडे खालचं शेत, सरळ कमरेइतकं खोल. तिथे झटापट सुरू राहिली तर गडी खाली पडून मान मोडायचा. म्हणून बापजाद्यांपासून एक नियम चालत आलेला: बांधाला अंगाचा कुठलाही भाग लागला की गडी बाद. हात लागो, खांदा लागो, शेंडी लागो, बाद. पुढे हाच नियम फक्कीच्या रेषांनाही लागला. भिकाजी त्या नियमाने खेळला, त्याचा बाप त्याच नियमाने हुतूतू खेळला, आणि तो नियम नसून बांधाची सोय आहे हे आंबेकोंडात कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

उपांत्य सामना आंबेकोंड आणि बौद्धवाडी यांचा होता. बौद्धवाडी म्हणजे गावाचीच, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची. त्यांचा संघ स्पर्धेत घ्यायचा की नाही यावर तीन वर्षांपूर्वी दोन बैठका झाल्या होत्या, आणि मुंबईच्या मंडळाने 'घ्या' म्हणून पत्र धाडलं तेव्हा कुठे घेतला गेला होता. संघ मात्र भारी होता. त्यांचा रामजी रत्नागिरीला एका कचेरीत कारकून, वय सव्वीस-सत्तावीस, अंगाने काटकुळा, पण चढाईला आला की पाय जमिनीला लागतायत की नाही कळायचं नाही.

शेवटचं मिनिट. आंबेकोंड एका गुणाने पुढे. रामजी चढाईला आला आणि कोपऱ्यातल्या गड्याला हात लावून वळला, तोच आंबेकोंडच्या शिवाने त्याची कंबर धरली. शिवा गावाचा हुकमी गडी, भिकाजीच्या चुलतभावाचा मुलगा. मागून आणखी एक जण पडला. तिघंही लोळत बांधाकडे गेले. रामजीचा दम चालू होता, कबड्डी कबड्डी स्पष्ट ऐकू येत होतं. त्याचा डावा हात आणि खांदा बांधावर आदळला, उजवा गुडघा मात्र मैदानात रुतलेला होता. आणि भिकाजीने शिट्टी फुंकली.

शिट्टीबरोबर शिवाची पकड सैल झाली. रामजी त्याच झोकात सुटला, त्याने हात लांब केला आणि मध्यरेषेला लावला. पण शिट्टी आधी झाली होती.

"बाद!" भिकाजी ओरडला आणि बोट वर केलं.

आंबेकोंडने एकच गिल्ला केला. रामजी जागेवरच बसून राहिला. त्याने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, मातीत उठलेल्या त्याच्या खुणेकडे पाहिलं, मग भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीला वाटलं, आता हा अंगावर येणार. तयारीने त्याने छाती पुढे काढली. पण रामजी उठला, अंग झाडलं, शर्ट घेतला आणि आपल्या गड्यांबरोबर पऱ्याच्या वाटेला लागला. एक शब्द नाही. भिकाजीला तेव्हा आपलाच अभिमान वाटला. निर्णय इतका स्वच्छ की हरणाराही तोंड उघडत नाही, असं त्याला वाटलं. आप्पाने पाठीवर थाप मारली. ढाल त्या वर्षी आंबेकोंडच्या देवळात लागली आणि चार दिवस भिकाजीचा गुडघा दुखला नाही.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं. पावसाळ्यात खाण बंद, शेतीची लावणी-कापणी, दिवाळीनंतर पुन्हा खाण. नोव्हेंबरात रत्नागिरीचं शिबिर आलं. भिकाजी मुकादमाच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुटी घेऊन गेला. एका शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली होती. बहुतेक मास्तर, काही कारकून, एक बुरोंडीचा मासेवाला. त्याची आणि भिकाजीची लगेच गट्टी जमली, कारण बाकी सगळ्यांच्या खिशाला पेन होतं.

शिकवायला काशीराम मास्तर होते. निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक, तीस वर्षं पंचगिरी केलेले, आवाज बसका. त्यांनी प्रत्येकाला नियमांचं पातळ पुस्तक दिलं आणि पहिल्या दिवशी नुसत्या खुणा करून घेतल्या. बाद झाल्याची खूण, गुणाची खूण, लोण चढल्याची खूण, दम सुटल्याची खूण. चाळीस बाप्ये ओळीत उभे राहून हात वर-खाली करतायत, हे बघायला खिडकीत गर्दी जमली. संध्याकाळी भिकाजी पुस्तक घेऊन बसला. त्याचं वाचन सावकाश. एकेक ओळ बोटाखालून सरकवायची, आणि बोट गेलं की खाली तांबूस डाग. हात कितीही धुतले तरी जांभा नखांतून जात नाही. पाच पानं झाली आणि डोळे मिटले. दिवसभर काम नव्हतं तरी अंगाला सवय होती, अंधार पडला की ते झोप मागायचं. बांधाच्या नियमाचं पान सातवं होतं.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. सगळ्यांसमोर एकेकाला उभं करायचे. भिकाजीला काशीराम मास्तरांनी पहिले चार प्रश्न विचारले, चारही बरोबर आले. मग त्यांनी विचारलं, "झटापट चालू आहे. चढाई करणाऱ्याचा हात रेषेबाहेर जमिनीला लागला, गुडघा आत आहे, दम चालू आहे. काय देणार?"

"बाद," भिकाजी म्हणाला. इतका सोपा प्रश्न आपल्याला विचारला याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

मास्तरांनी विचारलं, "कुठे वाचलंत?"

"वाचायला कशाला पायजे सर? बांधाला लागला की बाद."

"कसला बांध?"

हॉल हसला. बुरोंडीचा मासेवालासुद्धा हसला. काशीराम मास्तर मात्र हसले नाहीत. ते चालत भिकाजीजवळ आले, त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, सातवं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. भिकाजीने अडखळत वाचलं. झटापट चालू असताना खेळाडूच्या शरीराचा कोणताही भाग मैदानाच्या आत टेकलेला असेल, तर दुसरा भाग बाहेर टेकला तरी तो बाद नाही.

त्याने ती ओळ एकदा मोठ्याने वाचली आणि दोनदा मनात. मातीत उठलेली रामजीच्या गुडघ्याची खूण त्याच्या डोळ्यांपुढे आली. बाद नाही. म्हणजे रामजी बाद नव्हता. मध्यरेषेला हात लागला तेव्हा त्याला धरणारे दोघं आणि आधी हात लावलेला एक असे आंबेकोंडचे तीन गडी बाद होते, बौद्धवाडी दोन गुणांनी जिंकली होती, आणि ढाल जी देवळात लागली ती लागायलाच नको होती.

बाकीच्या प्रश्नांना त्याने काय उत्तरं दिली हे त्याला आठवत नव्हतं. तो काठावर पास झाला. प्रमाणपत्र घेताना त्याने काशीराम मास्तरांना हळूच विचारलं, "सर, कोनी चुकीचा निर्नय दिला असंल, नि सामना संपला असंल, तर?"

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना कळलं असावं. "सामना संपला की निकाल संपला," ते म्हणाले. "मागे जायची सोय पुस्तकात नाही. मी पहिल्या वर्षात दिलेले निर्णय आठवले तर अजून जेवण जात नाही. पण कोणाकोणाच्या दारात जाणार माणूस?"

भिकाजी मात्र गेला. लगेच नाही. तीन आठवडे त्याने टाळलं. दमलोय म्हणून टाळलं, काम आहे म्हणून टाळलं, रामजी रविवारीच घरी असतो आणि रविवारी गुडघा जास्त दुखतो म्हणूनही टाळलं. मैनाने एकदा विचारलं, "अवो, पास होऊन आलाव नि तोंड का असा?" त्याने तिला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "मग जावा नि सांगा जा. माज्याशी बोलून काय व्हनार हाय?"

पऱ्या ओलांडून बौद्धवाडीत तो शेकडो वेळा गेला होता, कोणाला कामाला हाक मारायला, कोणाची गाडी हवी म्हणून. पण हाक मारायची ती वाटेवरूनच. रामजीच्या अंगणात उभं राहायची ही पहिली वेळ. रामजीची आई कमलाबाई भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, पाट मांडला, आणि काही न विचारता चहा ठेवला. चहा आला. भिकाजीने कप हातात घेतला तेव्हा कमलाबाई बघत होती, तो पितो की ठेवतो ते. तो प्याला. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पऱ्यापलीकडचा हा त्याचा पहिला चहा, आणि याची लाज त्याला त्या क्षणी वाटली, आधी कधी वाटली नव्हती.

रामजी बाहेर आला. भिकाजीने आडपडदा ठेवला नाही. "रामजी, माजा चुकला. तू बाद नव्हतास. पुस्तकात हाय तसा."

रामजी आत गेला आणि पुस्तक घेऊन आला. तेच पातळ पुस्तक, जुनं, कोपरे दुमडलेलं. त्याने सातवं पान उघडून पुढे धरलं. त्या ओळीखाली निळ्या शाईची रेघ होती.

"आमच्याकडं पाच वर्सं हाय ह्या पुस्तक," तो म्हणाला. "मी समद्या गड्यांना पाठ करून घेतलाय."

"मग तवा बोलला का नायस?"

"कोनाला?"

पाखडायचं थांबलेल्या कमलाबाईने पुन्हा सूप उचललं.

"मी दिला तो निर्नय तू वाडीचा म्हनून दिला नव्हता, रामजी," भिकाजी शेवटी म्हणाला. "शिवा असता तरी मी बादच दिला असता. मना खरंच म्हायत नव्हता."

"असंल," रामजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भिकाजीला बरं वाटलं असतं. दिवसभर कचेरीत फायली उचलून दमलेला माणूस जसा बोलतो, तसा तो बोलत होता. "पन आमाला कसा कळनार, भिकादादा, तू म्हायत नाय म्हनून दिलास का म्हायत असून दिलास? आमच्या बाजूनं दोन्ही सारकाच दिसतां. ह्या वर्साला आमी संघ लावत नाय. पोरं बोलतायत, नको."

'दोन्ही सारकाच दिसतां' या एका वाक्याने भिकाजीची झोप गेली. खाणीत चर पाडताना ते वाक्य, जेवताना ते वाक्य. गावाने आपल्याला पंच केला, प्रमाणपत्र मिळालं, पण ज्याच्या शिट्टीवर एका वाडीचा विश्वास नाही तो पंच कसला? नियम शिकणं सोपं होतं, सात पानं होती. आपण खरंच नियमाने चालतो हे लोकांना पटवणं कुठल्या पुस्तकात आहे, हे त्याला कळत नव्हतं. आणि रामजी म्हणाला ते बरोबर होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

शहाऐंशीच्या पौषात सामने लागले. या खेपेला भिकाजीने सकाळीच मैदानावर जाऊन बांधापासून वीतभर आत दोरी धरली आणि चौथी रेषा फक्कीने स्वतः मारली. लोकांनी विचारलं, ही कशाला? "नियम हाय," तो म्हणाला. मग बांधालगतच्या खालच्या शेतात त्याने पेंढा पसरून घेतला, म्हणजे कोणी पडलाच तर मान मोडायला नको. सामन्याआधी सगळ्या संघांच्या कप्तानांना बोलावून त्याने सातवं पान वाचून दाखवलं. शिवा जांभई देत ऐकत होता.

अंतिम सामना आंबेकोंड आणि पाटकोंड. सामन्याआधी आप्पा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भिका, ध्यान ठेव हां."

"ठेवतंय," भिकाजी म्हणाला.

देवाची करणी म्हणा नाहीतर योग म्हणा, पण कबड्डीत पकड ही रेषेजवळच होते, तेव्हा हे कधी ना कधी होणारच होतं. दोन मिनिटं राहिली होती, गुण बरोबरीत होते. पाटकोंडचा एक जाडजूड गडी चढाईला आला. शिवाने त्याची मांडी धरली, मागून आणखी दोघं त्याच्या अंगावर पडले, आणि ढीग बांधाकडे सरकला. त्याचं धूड जवळजवळ सगळं रेषेबाहेर गेलं. दोन्ही हात बाहेर, डोकं बाहेर. "बाद! बाद!" म्हणून आख्खं गाव ओरडलं. शिवाने पकड सोडून हात वर केले.

भिकाजी गुडघ्यावर बसला. दुखऱ्या गुडघ्यावरच बसला, कारण खाली वाकल्याशिवाय दिसत नव्हतं. त्या गड्याच्या डाव्या पायाची टाच आत होती. फक्कीच्या आत चार बोटं. तोंडातून कबड्डी चालू होतं. भिकाजीने शिट्टी ओठात धरली आणि वाजवली नाही. पाटकोंडच्या गड्याच्या ते लक्षात आलं. तो वळला, घोरपडीसारखा पोटावर सरपटला आणि त्याने मध्यरेषा गाठली.

तेव्हा भिकाजीने शिट्टी वाजवली आणि पाटकोंडला तीन गुण दिले.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. आंबेकोंड हरलं. ढाल पाटकोंडला गेली. दोघा-तिघांनी भिकाजीचा शर्ट धरला, कोणीतरी सोडवला. आप्पा मात्र ओरडला नाही. तो काठी टेकत आला आणि एवढंच म्हणाला, "तुला पंच कशाला केला व्हता आमी?"

भिकाजीकडे उत्तर होतं, पण ते आप्पाला समजलं नसतं. मान खाली घालून तो घरी गेला.

गावाने त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं काही घडत नाही हल्ली, लोक सांगतात. फक्त खाणीत त्याचा जोडीदार केरू दुसऱ्याच्या चरावर काम करायला लागला, आणि दोघांचं काम एकट्याच्या पाठीवर आलं. शिमग्याला पालखी दारात आली, मैनाने ओटी भरली, पण पालखी नाचवताना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतात ती भिकाजीला कोणी मारली नाही. वीस वर्षं त्याने खांदा दिला होता. तो उंबऱ्यात उभा राहून बघत राहिला. मैना रात्री म्हणाली, "हात दाखवून अवलक्षान क्येलंत." मग जरा वेळाने म्हणाली, "पन टाच आत व्हती ना?"

"चार बोटां."

"मग बास झाला," ती म्हणाली आणि कूस बदलली.

सगळ्यात जास्त त्याला लागलं ते वेगळंच. त्या अंतिम सामन्याला बौद्धवाडीतलं कोणी आलेलं नव्हतं. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी बघितलंच नाही. गाव गेलं आणि वाडी काही मिळाली नाही, असं त्याचं झालं. शिट्टी त्याने खुंटीला लावली आणि ठरवलं की झालं तेवढं पुरे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कातळ तापून भाजत असताना, दुपारच्या जेवणाच्या वेळी रामजी खाणीवर आला. भिकाजी झाडाखाली एकटा भाकरी खात होता.

"चौदा तारखेला जयंतीचे सामने हायत आमचे," रामजी उभ्याउभ्याच म्हणाला. "दुपारी. पंच पायजे."

भिकाजीने घास गिळला. "गुडघा बरा नाय माजा."

"टाच बगायला बसलास तवा बरा व्हता काय?"

भिकाजीने भाकरी खाली ठेवली. कोणीतरी सांगितलं होतं म्हणजे. गावात बातमी पऱ्या ओलांडून जायला वेळ लागत नाही. "येतंय," तो म्हणाला.

तो गेला. थकलेला गेला. सकाळपासून एकट्याने बारा चिरे काढून गेला, कारण मुकादमाने अर्धाच दिवस सोडलं होतं. बौद्धवाडीच्या मैदानावर निळे झेंडे लागले होते, चार गावांतले संघ आले होते, रेषा चारही बाजूंनी सरळ मारलेल्या होत्या. भिकाजीने एकदा फेरी मारून सगळ्या तपासल्या. लोक त्याच्याशी नीट बोलले, खुर्ची दिली, सरबत दिलं, 'अहो-जाहो' केलं. पाहुण्याशी बोलतात तसं. पहिले दोन सामने सुरळीत झाले. त्याने दोन्ही बाजूंनी कडक निर्णय दिले आणि कोणी हूं की चूं केलं नाही. ही शांतता त्याने ओळखली, बांधावर रामजीला बाद दिला तेव्हाचीच ती.

तिसरा सामना वाडीचा स्वतःचा. रामजी चढाईला गेला, दोघांना मारून परत फिरला, आणि मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे त्याचा दम सुटला. भिकाजी जवळ उभा होता. श्वास आत ओढल्याचा आवाज त्याला स्पष्ट आला. त्याने शिट्टी वाजवली आणि दम सुटल्याची खूण केली. रामजी बाद. मिळवलेले दोन गुण गेले.

मैदान एकदम गार झालं. मग रामजी वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो तरातरा चालत भिकाजीच्या पुढ्यात आला, नाकाला नाक लागेल इतका जवळ, आणि जिवाच्या आकांताने ओरडला.

"दम सुटला? कुटं सुटला? तुज्या कानात चिऱ्याची माती गेलीय काय रं भिकादादा? काड पुस्तक! काड!"

"रेषेच्या अलीकडं श्वास घेतलास तू," भिकाजी म्हणाला.

"नाय घेतला!"

"घेतलास. मी आयकला."

"खोटा बोलतंस!"

"रामजी, बाद हाय. बस जा."

मागून वाडीची पोरं ओरडायला लागली, म्हातारी माणसं उठून उभी राहिली, कमलाबाई बायकांच्या घोळक्यातून हात नाचवत 'आवो पंच, डोळं उघडा' म्हणून ओरडत होती. सगळी वाडी एकाच वेळी त्याच्याशी भांडत होती, पोटतिडकीने, आपल्या घरच्या माणसाशी भांडावं तशी. भिकाजी मधोमध उभा होता. पाठ मोडत होती, गुडघा ठणकत होता, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की आता इथेच बसून रडावं.

"गावाला पटत नाय, आमाला पन पटत नाय, मग तुजा पटतां कोनाला?" रामजी शेवटचं बोलला आणि पाय आपटत रेषेबाहेर जाऊन बसला. बसला, आणि पुढच्या गड्याला म्हणाला, "जा रं. ह्यो काय निर्नय बदलायचा नाय. तू जा."

भिकाजीने गुणलेखकाला खूण केली आणि खेळ सुरू करायला शिट्टी तोंडात धरली. नुसतीच हवा बाहेर आली. त्याने तोंड फिरवून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा फुंकली.